खुर्चीच्या पोटातला शिक्का

मरणाच्या आदल्या दिवशी बाबा खुशीत होते, आणि बाबा खुशीत असले की त्या घराच्या भिंतीसुद्धा जरा सैलावायच्या. सकाळी उठून त्यांनी स्वतः चहा ठेवला, लेकीचा कप बशीने झाकला आणि जिना उतरून खाली वर्कशॉपमध्ये जाता जाता हाक मारली, "उठा राणीसरकार. आज मारामारी आहे."

मारामारी म्हणजे व्हिडिओचं चित्रीकरण. गेले काही महिने त्या घरात या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच झाला होता.

बाबा सुतार. त्यातही खुर्च्या करणारे. उभं आयुष्य त्यांनी खुर्च्यांतच काढलं. लेक एका छापखान्यात प्रुफं वाचायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी घरी आल्यावर आपल्या हातून चूक होऊ द्यायची नाही, असा तिचा जन्म चालला होता. आई गेल्यापासून घरात दोघंच.

यंत्रावर कापलेल्या स्वस्त खुर्च्या बाजारात आल्या आणि बाबांकडे येणारी माणसं आटली. तेव्हा तिनेच चॅनल सुरू केलं. बाबा रंधा मारताहेत, बाबा जोड बसवताहेत, बाबा लाकडाच्या रेषांवरून बोट फिरवताहेत, असे शांत, लांबलचक व्हिडिओ. बघणाऱ्यांत ती स्वतः, छापखान्यातला मशीनवाला आणि कुठल्याशा दूरदेशी राहणारे एक निवृत्त गृहस्थ, जे प्रत्येक व्हिडिओखाली न चुकता एक फूल टाकायचे.

"हे फूलवाले तरी जिवंत आहेत ना, बघ," बाबा म्हणायचे. "नाहीतर त्यांच्या नावाने दुसरंच कुणी वाहत असेल."

मग मास्तर आला. मास्तर म्हणजे तिच्या लॅपटॉपमधली कृत्रिम बुद्धिमत्ता. हे नाव बाबांनी ठेवलेलं. तिने चॅनलचे सगळे आकडे त्याच्यापुढे ओतले, व्हिडिओ दाखवले आणि विचारलं, कुठे चुकतंय? मास्तरने आडपडदा ठेवला नाही. तुमचे वडील सुरुवातीला हात पुसत उभे राहतात, सगळ्यांचं स्वागत करतात, मग विषयाची ओळख करून देतात. तेवढ्यात निम्मे लोक निघून जातात. हात लाकडावर असतानाच सुरुवात करा. एका व्हिडिओत एकच प्रश्न घ्या. खिडकी पाठीमागे नको, बाजूला हवी.

"आल्या माणसाला या-बसा म्हणायचं नाही? काय वळण लावलंय ह्याला कुणी," बाबा म्हणाले. पण त्यांनी ऐकलं, आणि चॅनल कणाकणाने हललं.

खरं हललं ते त्या एका दिवशी. भंगारवाल्याकडून आणलेली एक यंत्रावरची खुर्ची बाबा कॅमेऱ्यासमोर उलगडून दाखवत होते. पाय हातात निसटून आला. आत कुसू नव्हतं, म्हणजे पायाचं जे टोक खाचेत घट्ट बसायला हवं तेच नव्हतं. नुसता सरस आणि एक खिळा. बाबांच्या कानशिलावरची शीर फुगली. त्यांनी ती खुर्ची पाठीला धरून भिंतीवर आपटली, मग जमिनीवर, मग पायाखाली घेऊन तिचे सांधे न् सांधे मोडले. लाकडाची एक ढलपी उडून लेकीच्या हनुवटीला लागली. रक्त आलं. ती कॅमेऱ्यामागून हलली नाही. नंतर बाबांनी तुकडे गोळा केले आणि धापा टाकत, एकेक तुकडा उजेडात धरून ती का मोडली ते सांगितलं.

तिला तो भाग कापायचा होता. बाबा म्हणाले, राहू दे.

चार दिवसांत इतकी माणसं त्या व्हिडिओवर येऊन गेली की फूलवाल्या गृहस्थांचं फूल शोधूनही सापडेना. तिने मास्तरला विचारलं. मास्तरने आलेख बघून लिहिलं: लोक घावापाशी थांबलेले नाहीत. घाव होऊन गेल्यावर, तुमचे वडील तुकडे हातात घेऊन बोलतात, तिथे थांबलेत. त्यांना कारण ऐकायचंय. मोडतोड न करताही हे करता येईल. सांधा करवतीने उभा कापून आतलं दाखवा.

तिने हे मोठ्याने वाचलं.

"म्हणजे घाव हवाच," बाबा म्हणाले.

"तो तसं म्हणत नाही, बाबा."

"घाव झाल्याशिवाय घावानंतरचं कुठून येणार? तू वाचून दाखव, अर्थ मी लावतो."

आणि मग दर आठवड्याला एक खुर्ची. कुऱ्हाडीने, हातोड्याने, वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली टाकून. लोकांनी त्यांना नाव दिलं, 'उस्ताद'. उस्ताद चिडले की लोक खूश. घरात बाबा चिडले की त्याला वेगळा शब्द होता. आई म्हणायची, "आज पत्रा तापलाय." हात लावलास तर भाजेल, लांबून जा. पत्रा तापला की आईच्या दंडावर काळंनिळं यायचं, आणि ती शेजारणीला सांगायची, दार लागलं. त्या घरातली दारं फार लागायची. लेकीलाही लागायची. आई गेल्यावर काही महिने लागली नाहीत, मग पुन्हा लागू लागली.

कॅमेऱ्यासमोर खुर्ची मोडली की मात्र पुढचे दोन-तीन दिवस पत्रा गार असायचा. ही गोष्ट तिने मास्तरला सांगितली नव्हती. आठवड्याला एक खुर्ची तिला परवडत होती.

तर त्या आदल्या दिवसाकडे येऊ. आठवडाभर आधी मास्तरने एक सूचना केली होती: खुर्ची कुठून आली, कुणी केली, हे लोकांना कळू द्या, म्हणजे विश्वास वाढेल. खालची बाजू दाखवा, शिक्का असेल तर जवळून दाखवा. या विषयात असं दाखवणारं दुसरं कुणी दिसत नाही.

दुसरं कुणी का दिसत नाही, ते मास्तरला ठाऊक नव्हतं. खुर्च्या करणाऱ्यांत प्रत्येकाचा शिक्का असतो आणि तो बैठकीच्या खाली, पोटाकडून उमटवतात. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही. दिसतो तो दुरुस्तीला बसलेल्या दुसऱ्या सुताराला, आणि त्याने तो पाहून तोंड मिटायचं असतं. आतलं काम कितीही वाईट असलं तरी ते नीट करायचं, त्याच्या शिक्क्याशेजारी आपला मारायचा, खुर्ची सरळ करायची आणि विषय संपवायचा. हे कुणी कुणाला शिकवत नाही. कॅमेरा कोणता, खिडकी कोणत्या दिशेला, बाबांना ऐकू किती येतं, सगळं तिने मास्तरला सांगितलं होतं. हे सांगायचं तिला सुचलंच नाही. पाण्यात बुडी मारताना तोंड मिटायचं असतं, हे तरी कोण कुणाला सांगतं?

तिला वाटलं होतं बाबा उसळतील. बाबांनी रंधा खाली ठेवला आणि म्हणाले, "तुझा मास्तर आज पहिल्यांदा कामाचं बोलला." मग माळ्यावर चढून त्यांनी गोणपाटात गुंडाळलेली एक खुर्ची खाली काढली. ती कधीची आणून ठेवली होती, कोण जाणे. तिने खुर्ची उलटी केली. शिक्का त्यांच्याच घराण्याचा होता, गोलात उभी रेघ. फक्त रेघेशेजारी एक ठिपका जास्त.

ठिपका काकाचा होता.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. बाबांनीच त्याला हाताला धरून काम शिकवलं. ती लहान असताना, काकाच्या लग्नानंतर, एकदा त्याच्या हातून जोड तिरका बसला आणि बाबांनी खुर्चीच्या त्याच पायाने त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. घरात सांगितलं गेलं की काका जिन्यावरून घसरला. काका बरा होऊन निघून गेला, गावाच्या दुसऱ्या टोकाला शेड टाकून यंत्रं आणली आणि त्याच्या स्वस्त खुर्च्या घराघरांत पोचल्या. दोघा भावांत तेव्हापासून शब्द नाही.

तर त्या सकाळी खिडकी बाजूला घेऊन, हात लाकडावर ठेवूनच बाबांनी सुरुवात केली. "ही खुर्ची माझ्या सख्ख्या भावाने केलीय. हा त्याचा शिक्का. नीट बघून घ्या, तुमच्या घरात असेल." कॅमेरा जवळ घे, अशी त्यांनी खूण केली. तिने घेतला. मग लाकडी हातोडा उचलून त्यांनी पहिल्या घावात पाठ काढली, दुसऱ्यात दोन पाय. बैठक मात्र फुटेना. तेव्हा त्यांनी ती लोखंडी शिकंज्यात आवळली आणि शिक्क्याच्या बरोबर मध्ये पटाशी धरून ठोकत राहिले. दरवेळी घाव घालताना ते काहीतरी पुटपुटत होते. नंतर संपादन करताना तिने आवाज वाढवून ऐकलं. "धाकट्या," म्हणत होते. "धाकट्या. धाकट्या."

काम झाल्यावर घामाने निथळत त्यांनी विचारलं, "जेवायला काय केलंयस?" दोघं जेवली. तिच्या भाजीला त्यांनी नावं ठेवली, पण दोनदा वाढून घेतली. छापखान्यात एका लेखकाने स्वतःच्याच नावाचं प्रूफ चुकीचं तपासून पाठवलं होतं, तो किस्सा तिने सांगितला आणि बाबा ठसका लागेपर्यंत हसले. असा दिवस होता तो. तिला पुढे कितीही वेळा आठवला तरी त्यात काही अशुभ सापडायचं नाही, आणि हेच तिला सहन व्हायचं नाही.

संध्याकाळी व्हिडिओ टाकण्याआधी तिने मास्तरला शीर्षक विचारलं. मास्तरने उलट विचारलं: शिक्का ज्यांचा आहे ते तुमच्या वडिलांचे भाऊ आहेत असं व्हिडिओत म्हटलंय. त्यांना हे माहीत आहे का? नसेल तर शिक्का झाकावा, भावाचा उल्लेख काढावा असं मला वाटतं. यातून त्यांचं खरंखुरं नुकसान होऊ शकतं, आणि तुमच्या घरात तंटा.

तिने हेही मोठ्याने वाचलं.

"माहीत आहे का?" बाबा म्हणाले. "माझ्या ताटात जेवून मोठा झालाय तो. टाक."

"बाबा, नुसता शिक्का झाकते."

"टाक म्हटलं ना."

आवाज चढला नव्हता. तिने टाकला.

काका दुसऱ्या दिवशी दुपारी आला. दार त्याने खांद्यानेच ढकललं, कारण हातांत खुर्ची होती. अंगाने सुटला होता, केस पिकले होते, पण चाल बाबांचीच. ती दिव्याची वायर गुंडाळत होती. बाबा टेबलापाशी होते.

"दादा," काका म्हणाला. "कॅमेरा लावायला सांग पोरीला."

बाबा हसले. "लाव गं. आज घरचाच पाहुणा आहे."

तिने बटण दाबलं. कॅमेऱ्याचं तोंड खाली टेबलाच्या फळीकडे होतं, ते तसंच राहिलं.

काकाने खुर्ची टेबलावर पालथी घातली. "ओळखलीस?"

"मी केलीय ती. तुझ्या लग्नात दिली होती. तुला आयुष्यात जमणार नाही असली."

"हो ना. काल माझी दाखवलीस, आज तुझी दाखव. ह्या मागच्या पायात नख घाल."

"तू मला शिकवतोस?"

"घाल तर खरं. घाबरतोस कशाला? लाकूड आहे, चावत नाही."

बाबांनी सांध्यात नख घातलं. भुसा आणि वाळका सरस भुरभुर खाली पडला, आणि खाचेच्या आत अंगठा मावेल एवढी पोकळी उघडी पडली. कुसू आखूड पडलं होतं आणि बाबांनी ते भुसा भरून लपवलं होतं.

"पहिल्याच वर्षी पाय हलला," काका म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता. "मी उघडली, बघितली, आतून पाचर मारली; ती आज काढून आणलीय. हा बघ तुझा शिक्का, हा शेजारी माझा. बायकोलासुद्धा बोललो नाही रे. इतकी वर्षं त्याच खुर्चीत बसून जेवतोय. आणि तू माझा शिक्का पटाशीने फोडलास? साऱ्या जगापुढे?"

बाबांनी हातोडा उचलला तो तिला दिसला. काकाला दिसला नाही; तो अजून खुर्चीकडेच बघत होता.

लाकूड मोडण्याआधी कुरकुरतं. हाड काही सांगत नाही. काकाचा जबडा एका बाजूला सरकला आणि तोंडातून रक्ताबरोबर दात टेबलावर पडले. त्याने तोंडापुढे हात धरला, तर दुसरा घाव त्या हातावर. बोटं मोडली. तिसरा खांद्यावर, चौथा बरगड्यांत. काका खाली बसला, मग आडवा झाला, आणि गुडघे पोटाशी घेऊन त्याने डोकं दोन्ही कोपरांत लपवलं. ते त्याने सवयीने केलं. ती स्वतःही असंच करायची. बाबा एक अक्षर न बोलता मारत होते. हातोडा वर जाताना लाल थेंब छताकडे उडत होते.

"बाबा, पुरे," ती म्हणाली, आणि तिने त्यांच्या बाहीला हात लावला.

बाबा वळले. ते डोळे तिच्या ओळखीचे होते. त्यांत ती नव्हती, कुणीच नव्हतं. हातोडा तिच्या डोक्यावर उचलला गेला. एरवी हात असायचा, पट्टा असायचा, एकदा इस्त्री होती, हातोडा पहिल्यांदाच. तिने मान खाली घातली आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले.

घाव आला नाही. काका एका गुडघ्यावर उठला होता आणि धड राहिलेल्या हाताने त्याने टेबलावरची खुर्ची पाठीला धरून आडवी फिरवली. मागचा पाय बाबांच्या कानामागे बसला. बाबा तिरके कोसळले आणि त्यांचं कानशील शिकंज्याच्या लोखंडी जबड्यावर आपटलं. त्या आवाजानंतर काही उरलं नाही. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. बोटं केसांत घातली तर हाड आत दबलेलं लागलं. भुशात रक्त लगेच मुरतं, त्यामुळे बघणाऱ्याला वाटलं असतं, फार नाही गेलं. काका "दादा" म्हणायचा प्रयत्न करत होता. जबडा लटकलेला, त्यामुळे नुसता ओला आवाज येत होता, पुन्हा पुन्हा.

शेजारी आले, पोलीस आले, रुग्णवाहिका आली. कुणी विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "भांडण झालं." तपास अधिकाऱ्याने कॅमेरा ताब्यात घेतला. चित्रीकरणात दिसत होती ती टेबलावर पालथी खुर्ची, दात आणि पुढे एक हात ती खुर्ची ओढून नेताना. बाकी नुसते आवाज. एवढं बघून कुणीही म्हणालं असतं की काका खुर्ची घेऊन आला आणि त्याच खुर्चीने त्याने भावाला मारलं.

लोक तेच म्हणाले. उस्तादांना सख्ख्या भावाने ठार केलं, ही बातमी फुटली आणि चॅनलला पूर आला. फुलांचा खच पडला. फुलांखाली शिव्या, शिव्यांखाली काकाच्या शेडचा पत्ता. तिसऱ्या दिवशी शेडच्या काचा फुटल्या. पाचव्या दिवशी कुणीतरी आत पेटतं काहीतरी टाकलं आणि वाळायला ठेवलेलं सगळं लाकूड जळालं. त्याच संध्याकाळी काकाच्या घरावर विटा आल्या. एक वीट काकूच्या हातावर बसली.

लेकीने कुणालाही दगड मारायला सांगितलं नव्हतं. तिने काहीच सांगितलं नव्हतं, एवढंच.

काकू सहाव्या दिवशी आली. हात गळ्यात अडकवलेला. वर्कशॉपच्या दारातच उभी राहिली. आत जमीन धुतली होती तरी ती तिथे पाय ठेवेना.

"बसायला नाही आले मी," ती म्हणाली. "तुझा बाप गेलाय, तुझ्यापुढे तोंड उघडायला मला लाज वाटतेय. पण तू होतीस ना गं तिथे?"

"होते."

"त्यांच्या जबड्यात तारा घातल्यात. बोटं मोडलीत, लिहिता येत नाही. पोलीससाहेब आले होते, आधी भावाने मारलं का विचारायला. म्हणाले, नुसती मान हलवा, हो की नाही. मीही म्हटलं, हलवा हो मान, नाहीतर जन्मठेप होईल. तर डोळे मिटून घेतले." काकूने हाताची झोळी सावरली. "असं काय आहे, जे हा माणूस माझ्यापासूनसुद्धा झाकतोय?"

लेकीला उत्तर माहीत होतं. काकाने पोटाकडचं पाहिलं होतं आणि तोंड मिटलं होतं.

"उद्या माझा जबाब आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात तिने सांगितलं. पहिला घाव कुणी घातला, किती घातले, मग बाबा तिच्याकडे वळले, हातोडा उचलला, तेव्हा काकाने खुर्ची फिरवली. अधिकारी पन्नाशीचा, थकलेला माणूस होता. त्याने सगळं उतरवून घेतलं, वाचून दाखवलं; एक शब्द चुकला होता, तो तिने सवयीने दुरुस्त केला.

"एक विचारतो," तो म्हणाला. "यापूर्वी कधी वडिलांनी तुमच्यावर हात उचलला होता?"

"नाही," ती म्हणाली.

ते उत्तर तिने दिलं नाही, ते आपोआप आलं. शाळेतल्या बाईंना द्यायची, डॉक्टरांना द्यायची, तेच.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "मग अवघड आहे. ज्याने जन्मात लेकीवर हात टाकला नाही, तो त्या क्षणी खरंच मारणार होता, असं तुमच्या काकांना का वाटावं? सरकारी वकील हेच विचारतील. सूड घेतला म्हणतील." त्याने कागद सरळ केले. "आणखी काही आठवलं तर या. पुरवणी जबाब घेता येतो."

घरी येऊन तिने लॅपटॉप उघडला. चॅनलवर लोक श्रद्धांजलीचा व्हिडिओ मागत होते. तिने मास्तरला लिहिलं, बाबांवर काही बोलायचंय, आणि मसुदा टाकला, बदलून पुन्हा पुन्हा टाकला: त्यांचे हात, त्यांचं लाकूड, त्यांची शिस्त. चांगला मसुदा होता. तिला लिहिता यायचं.

मास्तरने लिहिलं: हात आणि लाकूड यांबद्दलचं खरं वाटतं. शिस्तीचा परिच्छेद तुम्ही चार वेळा बदललाय, आणि दरवेळी त्यातली माणसं कमी होत गेलीत. तिथे काय होतं ते मला माहीत नाही. सांगायचं की नाही, हे तुम्हीच ठरवायचं. आधी तपास अधिकाऱ्यांना किंवा वकिलांना सांगणं चांगलं. तुमच्या जवळ आत्ता कुणी आहे का?

तिने परिच्छेद पुन्हा वाचला. रोज दुसऱ्यांची गाळलेली ओळ पकडायची ती. ही तिने स्वतः गाळली होती, शाळेत, दवाखान्यात, दर वेळी.

तिने अधिकाऱ्याला फोन केला. सकाळी पुरवणी जबाब द्यायला येते म्हणाली. "लोकांशी बोलले तर चालेल? त्या घरावर विटा पडताहेत."

"मी नको म्हणेन," तो म्हणाला. "तुमच्या काकांच्या वकिलांनाही आवडणार नाही. पण माझ्या माणसांनी विटा थांबत नाहीत, हेही खरंय."

मग तिने काकूला फोन केला. "येतेस? माझ्या जवळ कुणीतरी हवंय."

काकू आली, आणि या वेळी उंबरा ओलांडून आत आली. लेकीने खिडकी बाजूला घेतली, टेबलापाशी बसली आणि थेट प्रक्षेपण सुरू केलं. स्वागत केलं नाही. बघणाऱ्यांचा आकडा इतक्या वेगाने पळत होता की वाचता येईना.

"पहिला घाव माझ्या वडिलांनी घातला," ती म्हणाली. "काकाच्या हातात तेव्हा काही नव्हतं. तो खाली पडल्यावरही बाबा मारत राहिले. मी त्यांना अडवलं, तेव्हा ते माझ्याकडे वळले. काकाने खुर्ची उचलली त्या क्षणी बाबांचा हातोडा माझ्या डोक्यावर होता. त्या माणसाच्या घरावर विटा मारू नका."

पडद्यावर शब्दांचा लोंढा आला. खोटं. विकली गेली. काकाने पैसे दिले. मग एक ओळ आली आणि खाली बरीच माणसं तीच ओळ पुन्हा लिहू लागली. तिने ती मोठ्याने वाचली, शांतपणे, प्रूफ वाचावं तशी.

"'उस्ताद स्वतःच्या लेकीवर हात उचलतील का?'"

काकू भिंतीला टेकून उभी होती. तिने गळ्यातला हात दुसऱ्या हाताने घट्ट धरला होता.

"उचलायचे," लेक म्हणाली. ती घोटभर पाणी प्यायली आणि पुढे बोलली. "आईला मारायचे. काकाचं हाड त्यांनीच मोडलं होतं, तो जिन्यावरून पडला नव्हता. मी लहान होते तेव्हा मारायचे आणि गेल्या महिन्यातही मारलं. त्यांच्यासारखी खुर्ची कुणाला येत नव्हती, हे खरं आहे. जिन्यावर पाय वाजला की मला अजून वाटतं तेच आले, आणि ते आले असते तर मला हवं होतं, हेही खरं आहे. मी हे कधी कुणाला सांगितलं नाही. आज ठाण्यातसुद्धा नाही म्हणाले. बाबा मला मारायचे."